नांदेडला क्लिनिकसाठी गाळा डॉक्टर लेनमध्येच घ्यावा का?

स्पेशालिस्ट असाल तर हो, हिंगोली, परभणी आन तेलंगणातून येणारा पेशंट डॉक्टर लेन विचारतच उतरतो, मेडिकल, लॅब, सोनोग्राफी सगळं तिथंच हाय. पण पार्किंगची बोंब, आन तळमजला असला तर मालक तोंडाला येईल ते भाडं सांगतो. जीपी (म्हंजे साधे फॅमिली डॉक्टर) किंवा डेंटल असाल तर कशाला तिथं मरायला जाता, तरोड्याकडं वस्ती वाढलीय तिकडं बघा. एक मात्र नीट बघा, मालक जीएसटीवाला असंल तर भाड्यावर १८ टक्के वर लागतात आन उपचारावर जीएसटी माफ असल्यानं ते परत मिळत नाहीत, खिशातूनच जातात. वरचा मजला स्वस्त देतो म्हणाला तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसतं का ते आधी बघा.