बॉडी बदलण्याआधी कान बघा

तुम्ही पोस्टमध्ये सहज लिहून गेलात की खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटमध्येसुद्धा डोळे सॉफ्ट (थोडे धूसर) येतात. वरच्या उत्तरांत सगळे तुमच्या बास्केटबॉलच्या फोटोंवर बोलतायत, पण मला हेच वाक्य खटकलं. नेमक्या याच दुखण्यात माझा एक अख्खा सीझन वाया गेलाय.

तर तुमच्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा आहे, ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ झूम लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), काम इनडोअर सामने आणि अधूनमधून पोर्ट्रेट, आणि प्रश्न असा की फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा घ्यावा की लेन्स. शटर स्पीड, आयएसओ, कंटिन्युअस फोकस वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

खेळाच्या फोटोत फोकसचा दोष लपून राहतो. खेळाडू पळतोय, आपला हात हलतोय, उजेड कमी. फोटो धूसर आला की सबबी तयारच असतात. पोर्ट्रेटमध्ये सबब नसते. म्हणून कुणाला तरी बसवा. झूम लांब टोकाला, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं, शटर वेगवान, मधला एकच फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर. व्ह्यूफाइंडरमधून पाच-सहा फोटो काढा, पण दरवेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा आणि कॅमेऱ्याला तो नव्याने धरायला लावा. मग हेच सगळं लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत करा. लाइव्ह व्ह्यूत डोळा चोख, आणि व्ह्यूफाइंडरच्या फोटोंत दरवेळी पापण्या सॉफ्ट पण कान चोख असेल, तर फोकस मागे पडतोय. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो आणि फोटो उमटतो तो सेन्सर वेगळा. दोन्हीकडे जाणारी प्रकाशाची वाट अगदी सारखी नसली की असं होतं. बॉडीत थोडी चूक, लेन्समध्ये थोडी चूक, दोन्ही आपापल्या मर्यादेत. पण दिशा एकच असेल तर बेरीज होते आणि ती फोटोत दिसते.

लाइव्ह व्ह्यूतही सॉफ्टच आलं तर हे सगळं सोडून द्या, तो लेन्सचाच प्रश्न असेल किंवा हात हलत असेल.

आता ही 'बेरीज' मला ज्या सर्व्हिस सेंटरने समजू दिली नाही त्याबद्दल. नाव लिहीत नाही. आधी त्यांनी फक्त लेन्स ठेवून घेतली. परत आली ती 'फोकस तपासला, मानकांनुसार योग्य' अशा चिठ्ठीसह. मग फक्त बॉडी मागितली. तीही तशाच चिठ्ठीसह परत. मी म्हटलं, दोन्ही एकत्र लावून बघा, मी फोटो काढतो ते एकत्र लावूनच! काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." सोबत नेलेले फोटो त्यांनी स्क्रीनवर उघडलेही नाहीत. वर सल्ला काय, तर बॉडी जुनी झाली, नवीन मॉडेल बघा. प्रत्येक फेरीत सामने हुकत होते ते वेगळंच. शेवटी एका मित्राच्या बॉडीवर माझी लेन्स लावली. त्याच्या मेनूत एएफ फाइन ट्यून (फोकस पुढे-मागे करून जुळवायची सोय) होतं. आकडा उणे बाजूला नेल्यावर तीच लेन्स खणखणीत! मग त्या सेंटरला तक्रार लेखी दिली, दोन्ही बॉडींवरचे रॉ (प्रक्रिया न केलेले मूळ) फोटो जोडले, आणि 'बॉडी व लेन्स एकत्र जुळवून द्यावी' हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय काउंटरवरून हललो नाही. तेव्हा आतल्या तंत्रज्ञाने ते काम केलं, आणि नीट केलं. त्याच्यापर्यंत पोहोचू न देणं हाच बाहेरच्यांचा उद्योग असावा.

तुमच्या मेनूत ही सोय असेल तर इतकं भांडायची वेळच येणार नाही. निकॉनच्या डी ७००० मालिकेत आहे, डी ३००० आणि डी ५००० मालिकांत नाही. कॅननने ५० डीमध्ये दिली, ६० डीमध्ये काढली, ७० डीमध्ये पुन्हा आणली. का, ते त्यांनाच ठाऊक. नसेल तर बॉडी आणि लेन्स जोडीनेच द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. झूमच्या दोन टोकांना चूक वेगवेगळी असू शकते, त्यामुळे एका आकड्यावर फार भरवसा ठेवू नका.

फोकस ठीक निघाला तर मग खरेदी. इथे माझं मत एकांगी आहे, आधीच सांगतो. बॉडी नको, लेन्स घ्या. एफ/५.६ वरून एफ/२.८ म्हणजे चौपट उजेड. त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) १/२५० चं शटर १/१००० होतं. क्रॉपवरून फुल फ्रेमला गेल्याने साधारण एक-सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा, आणि तोही जवळीक गमावून, कारण १.५ क्रॉपवर २०० मिमी जी चौकट देते तिच्यासाठी फुल फ्रेमवर ३०० मिमी लागेल. म्हणजे बॉडीही गेली आणि लेन्सही अपुरी पडली.

दोन्ही कामांना पुरेल अशी पहिली लेन्स विचाराल तर ८५ मिमी एफ/१.८. तुमच्या झूमच्या एफ/४.५ च्या तुलनेत अडीच स्टॉपहून जास्त उजेड, बास्केटजवळ बसून मस्त चालते, आणि पोर्ट्रेटला तर आहेच. फक्त क्रॉपवर दोन मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ४ सेंटिमीटरचा पट्टा चोख राहतो, तेव्हा चेहऱ्यासाठी एफ/२.८ वापरा. एफ/१.२ च्या मोहात पडू नका. कॅननची जुनी ८५ एफ/१.२ पोर्ट्रेटला अप्रतिम, पण तिचा फोकस इतका आरामात सरकतो की तोवर चेंडू बास्केटमधून खालीही आलेला असतो. ८५ नंतर ७०-२०० एफ/२.८. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारी जोड) इनडोअरला विसरा, २x लावला की एफ/२.८ चं एफ/५.६ झालंच. स्टॅबिलायझेशनने तुमचा हात थांबतो, खेळाडू नाही.

बॉडी घ्यायचीच झाली तर मेगापिक्सेल न बघता अँटी-फ्लिकर (दिव्यांची लुकलुक सांभाळून फोटो घ्यायची सोय) बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००० ला काढलेल्या सलग फोटोंत एक पिवळट, एक काळपट येतो तो त्यामुळे. कॅननने ही सोय २०१४ मध्ये ७ डी मार्क २ मध्ये दिली. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे वरचं सगळं रामायण जवळजवळ संपतं. पण सेन्सरचं रीडआउट (चित्र वाचून घेणं) मंद असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरने बॅट वाकडी दिसते आणि दिव्यांचे पट्टे येतात, तेव्हा मेकॅनिकल शटर वापरा. निकॉन झेड ९ ला मेकॅनिकल शटर नाहीच, पण तिचा सेन्सर फार वेगाने वाचला जातो.

अवांतर: सेकंडहँड ८५ घेताना निकॉनवाल्यांनी एएफ-डी आणि एएफ-एस यातला फरक बघून घ्यावा. एएफ-डीला बॉडीत मोटर लागते. डी ३०००, डी ५००० मालिकांत ती नाही, आणि मिररलेसवर एफटीझेड हा जुन्या लेन्स जोडणारा अ‍ॅडॉप्टर लावला तरी ऑटोफोकस मिळत नाही. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

मी काही तंत्रज्ञ नाही, तुमच्या कॅमेऱ्यात वेगळंच काही असू शकतं. मॉडेल लिहा, आणि चाचणीतले व्ह्यूफाइंडरचा एक व लाइव्ह व्ह्यूचा एक असे दोन फोटो न कापता टाका. त्या व्यक्तीची परवानगी तेवढी घ्या.