स्टँडवरून गाडी पडली, पण दोष कुणाचा?

पुण्याच्या एका वाचकाने सर्व्हिसिंगला दिलेली मोटारसायकल मेकॅनिकने चेन साफ करण्यासाठी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक जमिनीपासून वर उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढवली आणि ती उजव्या अंगावर पडली. टाकीला पोचा आला, ब्रेक लिव्हर तुटला. स्विंगआर्मवरचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरचे) स्पूल, म्हणजे स्टँडच्या खाचेत टेकणारे बोल्टने बसवलेले गोल तुकडे, बाहेरून विकत घेतलेले असल्यामुळे हा बेकायदा फेरफार आहे, वॉरंटीही संपली, असे सांगून वर्कशॉपने 38,000 रुपयांचे बिल त्यांनाच दिले आहे.

उत्तर : उजवा स्पूल आणि त्याचा बोल्ट आज कोठे आहे, हे आपण प्रथम पाहावे, कारण आपले प्रकरण बरेचसे त्यावरच ठरेल. बोल्ट मधूनच तुटला असेल तर मालात दोष असण्याची शक्यता आहे. तो आट्यांतून निसटला असेल तर आपण बसवलेला बोल्ट लांबीला अपुरा होता का, हा अडचणीचा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल. स्पूल जागच्या जागी घट्ट असेल, तर स्टँडची खाच त्याखाली नीट बसली नव्हती, असे म्हणता येईल. तो तुकडा छायाचित्रे काढून पाकिटात सीलबंद ठेवावा आणि त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच करावी.

गाडी वर्कशॉपच्या ताब्यात असताना, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच गाडीची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणे भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 151 नुसार त्यांच्यावर बंधनकारक होते, आणि तशी काळजी घेतली हे दाखवण्याचा भारही त्यांच्यावरच येतो. गाडी उचलण्यापूर्वी स्पूल हाताने हलवून पाहायला किती वेळ लागतो? दुसऱ्या माणसाला हँडल धरायला लावले होते का, हेही नोटिशीत विचारावे. जॉब कार्डावर ‘गाडी ग्राहकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असले, तरी तेवढ्याने निष्काळजीपणा झाकला जात नाही.

फेरफाराच्या मुद्द्यात मला दम दिसत नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलणाऱ्या फेरफाराविषयी आहे. स्विंगआर्मला कंपनीनेच ठेवलेल्या आट्यांच्या छिद्रात बसणारा आणि पान्याने काढता येणारा स्पूल त्यात मोडू नये. वॉरंटी कोणत्या अटीखाली नाकारली, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.

पंधरा दिवसांची नोटीस देऊन उपयोग न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करता येईल. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असून, सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. बोल्ट तुटलेला असेल तर स्पूलच्या उत्पादकालाही सामनेवाला करावे आणि तो बोल्ट प्रयोगशाळेत तपासण्याची विनंती करावी. खरेदीचे बिल मात्र हवे.

गाडी तातडीने हवी असेल, तर दुरुस्तीपूर्वी विमा कंपनीला कळवावे आणि बिल भरताना वर्कशॉपच्या प्रतीवर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहून सही करावी.