बेलापूरचं कौलारू घर घ्यावं का?

प्रश्न : आम्ही पेणचे. मुलगा वाशीला नोकरीला आहे. सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक जुनं कौलारू घर विकायला आहे. एजंट म्हणतो, पाडा आणि तीन मजले चढवा. मुलाचा कल खारघरच्या नव्या फ्लॅटकडे आहे. काय करावं? – एक वाचक, पेण

उत्तर : ताई, राहायला हवं असेल तर जरूर घ्या. पाडायलाच घेणार असाल, तर मुलाचं ऐका आणि फ्लॅट बघा.

ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीसाठी आखली आणि १९८०च्या दशकात ती उभी राहिली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सात घरांत मिळून आठ मीटर लांबरुंद अंगण, आणि अशी तीन अंगणं एका मोठ्या मोकळ्या जागेभोवती. दोन घरांत भिंत सामाईक नाही, कारण शेजाऱ्याला त्रास न देता ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं. म्हणजे खोली वाढवायला कोरिआंची ना नव्हतीच! फक्त प्रत्येक घरात थोडं उघडं आकाश त्यांनी राखलं होतं. तेच स्लॅबखाली गेलं की भरदुपारी आत दिवा लावावा लागतो आणि आपल्या पावसात भिंती दिवाळीपर्यंत वाळत नाहीत. तिथली कितीतरी घरं अशी गेली. एक आर्किटेक्ट म्हणून मला ते फार लागतं.

घर बघायला जुलैत जा. छप्पर भिंतीला टेकतं तिथे हात फिरवा. पोपडे आणि मिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागली, तर गळती जुनी आहे. वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर वाळवी. नंतर टाकलेला स्लॅब खालून पाहा. खाडी जवळ आहे, सळया गंजून फुगल्या की काँक्रीटच्या खपल्या पडतात. दुरुस्तीचा खर्च काढून घ्या आणि तेवढी किंमत कमी करून मागा.

आता कागद. जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. पट्ट्याची तारीख स्वतः वाचा. घर नावावर करायला सिडकोची परवानगी लागेल. वाढीव बांधकामाचा मंजूर नकाशाही मागा. ‘इथे सगळ्यांनीच वाढवलंय’ हे उत्तर चालवून घेऊ नका, कर्ज देताना बँक तोच नकाशा मागेल. तो हातात येईपर्यंत एजंटला टोकन देऊ नका.