‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या चित्रपटाचा ‘ओडिसी’शी खरोखर संबंध आहे का?

‘ओडिसी’ हे ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसची कथा सांगणारे प्राचीन ग्रीक कवी होमरचे महाकाव्य वाचलेले नसताना कोएन बंधूंचा हा 2000 सालचा विनोदी चित्रपट कळेल का, आणि होमरचे नाव त्यात केवळ शोभेपुरते आहे का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे: काहीही न वाचता निःशंकपणे पाहा. खुद्द कोएन बंधूंनीही आपण मूळ महाकाव्य वाचले नसल्याचे सांगितलेले आहे. होमरशी असलेले नाते मात्र मला अस्सल वाटते. फक्त ते जिथे सहसा दाखवले जाते तिथे ते सर्वांत उथळ आहे.

1937 सालच्या मिसिसिपीत साखळदंडांनी एकमेकांना जखडलेले तीन कैदी पळ काढतात आणि धरणाखाली बुडणार असलेल्या खोऱ्याकडे निघतात. त्यांच्या म्होरक्याचे नावच युलिसिस (हे ओडिसियसचे लॅटिन रूप) एव्हरेट मॅकगिल आहे. वाटेत भविष्य सांगणारा आंधळा म्हातारा, नदीवर कपडे धूत गाणाऱ्या मोहिनी आणि बायबल विकणारा एकाक्ष धिप्पाड माणूस भेटतो. ‘ओडिसी’तील पात्रांशी त्यांच्या जोड्या लावणे सोपे आहे आणि त्यात फारसे हाती लागत नाही. अपवाद एका क्षणाचा. कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या मेळाव्यात त्या एकाक्षाच्या डोळ्याच्या रोखाने झेंड्याची काठी भिरकावली जाते, होमर जाणणारा प्रेक्षक आता डोळा फुटणार असे धरून चालतो, आणि तो गडी ती काठी डोळ्याजवळच हातात पकडतो. मग जळता क्रूस त्याच्यावर कोसळतो. ओडिसियसने सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसाचा डोळा आगीत तापवलेल्या खांबाने फोडला होता, त्यामुळे काठी चुकली तरी आग येतेच.

खरे नाते गाण्यात आहे. हे तिघे एका रेडिओ केंद्रात, तेही एका अंध माणसासमोर, चार पैशांसाठी गाणे ध्वनिमुद्रित करून निघून जातात; ते गाणे राज्यभर गाजते आणि गाणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात अनोळखी पाहुणा म्हणून बसलेल्या ओडिसियससमोर डेमोडोकस हा अंध गायक ट्रॉयच्या युद्धाची गाणी गातो आणि ती ऐकताना ओडिसियस झग्याआड तोंड लपवून रडतो. माणूस घरी पोहोचण्याआधी त्याची कीर्ती गाण्यातून पुढे पोहोचते, ही होमरची कल्पना चित्रपटाने नेमकी उचलली आहे. शेवटी खोटी दाढी लावून एव्हरेट मंचावर चढतो, आवाज ओळखून लोक बेभान होतात आणि गव्हर्नर तिघांना माफी देतो. मूळ काव्यात भिकाऱ्याच्या वेशातील नायकाची ओळख धनुष्यामुळे पटते. पण तो धनुष्याला प्रत्यंचा चढवतो तेव्हा होमर त्याला वाद्याला तार चढवणाऱ्या गायकाचीच उपमा देतो. पडद्यावर जॉर्ज क्लूनी दिसत असला तरी तो आवाज डॅन टिमिन्स्कीचा आहे. टी बोन बर्नेटने सिद्ध केलेल्या या चित्रपटाच्या संगीताला 2002 साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि तो सर्वस्वी योग्य होता.

एव्हरेटची बायको पेनी हिच्या बाबतीत माझी तक्रार आहे. ओडिसियसची पत्नी पेनेलोपी वस्त्र विणून झाले की लग्न करीन असे सांगते आणि दिवसा विणलेले रात्री उसवून तिला मागणी घालणाऱ्या वरांना तीन वर्षे झुलवते. तिची ही बुद्धी पेनीला दिलेली नाही. वडील आगगाडीखाली गेले असे मुलींना सांगून ती दुसऱ्या लग्नाला उभी राहते. तरीही होली हंटरने तिचा ताठा असा उभा केला आहे की ती दुय्यम वाटत नाही. पेनेलोपी पलंगाच्या गुपितावरून पतीची परीक्षा घेते आणि तो उत्तीर्ण होतो. इथे परीक्षा अंगठीची आहे, एव्हरेट चुकीची अंगठी आणतो आणि खरी तर आता तलावाच्या तळाशी गेलेली असते. हा शेवट अपुरा वाटला तर तेविसावा सर्ग अवश्य वाचा: तिथेही पुनर्भेटीच्या रात्रीच ओडिसियस पत्नीला सांगतो की, आपल्याला खांद्यावर वल्हे घेऊन, समुद्र ठाऊक नसलेल्या लोकांच्या मुलखापर्यंत पुन्हा एकदा जावे लागणार आहे.