डॉवेलची भोकं जुळत का नाहीत?

प्रश्न : स्टुलाचे पाय ४० मिलिमीटर जाड आहेत, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या २२ मिलिमीटर जाड आणि ७० रुंद. प्रत्येक सांध्यात ८ × ४० मिलिमीटरचे दोन गुळगुळीत डॉवेल, म्हणजे लाकडी गोल खुंट्या, घातले. भोकं मोजूनच पाडली होती, तरी एक पट्टी दीड मिलिमीटर वर बसली आणि ठोकताना पाय चिरला. काय चुकलं?

उत्तर : पायावर आणि पट्टीवर वेगवेगळं माप घेतलंत, तिथेच फरक पडला. थोडा पेन्सिलीच्या रेघेत, थोडा ड्रिलचं बिट सरकण्यात. दुसऱ्या तुकड्यावर माप घेऊच नये, पहिल्या भोकावरूनच खूण उतरवावी. आधी पट्टीच्या टोकाला भोकं पाडा. त्यांत डॉवेल सेंटर, म्हणजे मधोमध टोक असलेल्या धातूच्या टोप्या, बसवा. गुण्या लावून पट्टी पायावर दाबली की नेमकी जागा उमटते. पट्टीच्या टोकाला मऊ आणि कठीण थर आलटून पालटून येतात, त्यामुळे बिट मऊ बाजूला ओढलं जातं. दाभणाने खोल खूण करून ब्रॅड पॉइंट बिट, म्हणजे मधोमध अणकुचीदार टोक असलेलं बिट, वापरा.

चिरण्याचं कारण बहुधा कोंडलेला गोंद. भोक डॉवेलला घट्ट, तळाशी गोंदाचं डबकं आणि वरून हातोडी! गुळगुळीत डॉवेल पिचकारीच्या दट्ट्यासारखा दाब देतो, आणि गोंदाला वाट मिळाली नाही की लाकूड फाटतं. लांबीच्या दिशेने खाचा असलेले डॉवेल घ्या. दोन्हीकडे २० मिलिमीटर डॉवेल जाणार असेल तर भोकं २२ खोल ठेवा. बिटावर तेवढ्या मापाला चिकटपट्टी गुंडाळली की पुरे. गोंद काडीने भोकाच्या भिंतींना पातळ लावा. तो नुसता डॉवेलला लावला तर आत जाताना खरवडून बाहेर येतो आणि सांधा कोरडाच राहतो. दमट हवेत फुगलेले डॉवेल आधी वाळवून घ्या.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. ४० मिलिमीटरच्या पायात शेजारच्या दोन बाजूंनी मधोमध २२ खोल भोकं पाडली तर ती आत एकमेकांना छेदतात. एका पट्टीचे डॉवेल दुसरीच्या डॉवेलपेक्षा १२ मिलिमीटर खाली घ्या.

गोंद लावण्याआधी सांधा कोरडा जुळवून बघाच. त्यासाठी दोन डॉवेल पॉलिशपेपरने किंचित बारीक करून वेगळे ठेवा, नाहीतर घट्ट बसलेले निघता निघत नाहीत.

पाय टाकून देऊ नका. चिरेत गोंद मुरवून क्लॅम्प लावा आणि रात्रभर ठेवा. चुकलेल्या भोकांत गोंद लावून डॉवेल ठोका, पृष्ठभागाशी सपाट कापा. नवं भोक दुसऱ्या दिवशी पाडा. ओल्या गोंदात पाडलं तर बुजवलेला तुकडा बिटाबरोबर फिरतो.