इन्स्टाग्रामच्या बायोत कुठली लिंक ठेवू, म्हणजे विक्रीचे पैसे थेट माझ्या बँकेत येतील?

ताई, मोडी लिपीच्या सरावाची पीडीएफ 199 रुपयांना विकायची, रविवारी ऑनलाइन वर्ग घ्यायचा आणि गिऱ्हाईक बहुतेक महाराष्ट्रातलंच, असं तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर लिंकट्री, बीकन्स की स्टॅन स्टोअर, म्हणजे एका लिंकवर दुकानाचं पान बनवून देणारी ही परदेशी साधनं, यात आत्ताच अडकू नका. पान सगळीकडेच देखणं मिळतं. पैसे कुठल्या वाटेनं येतात ते आधी बघा. मी भरतकामाचे नमुने विकते, तेव्हा हा हिशोब रोजचाच आहे.

परदेशी साधनांचा व्यवहार बहुधा स्ट्राइप किंवा पेपॅल या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवांवर चालतो. स्ट्राइप 2024 पासून भारतात निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही आणि पेपॅलनं देशातले व्यवहार एप्रिल 2021 पासून बंद केलेत. म्हणजे साताऱ्याची बाई गुगल पे करायला तयार, आणि पान तिच्याकडे कार्डाचा नंबर मागतंय! ती काही परत यायची नाही. गमरोड हे फाइल विकायचं परदेशी संकेतस्थळ दर विक्रीमागे दहा टक्के आणि वर 50 सेंट घेतं. 199 मधले साठेक रुपये तिथेच गेले. रेझरपे ही पैसे घेऊन देणारी आपल्याकडची सेवा, तिच्या पेमेंट पेजवर नेहमीचा दर 2 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे पावणेपाच रुपयांच्या आत काम होतं. वेबसाइटही लागत नाही. इन्स्टामोजो आणि सुपरप्रोफाइल हीसुद्धा आपल्याकडचीच, यूपीआय घेणारी. त्यांचे दर योजनेप्रमाणे बदलतात, तेवढे नीट वाचा. एकेकट्याला वेळ देऊन शिकवणार असाल तर टॉपमेट बघा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी पेपॅलची लिंक वेगळी ठेवा, बाहेरून आलेले पैसे ते अजूनही घेतं.

नुसता क्यूआरचा फोटो लावून भागेल असं वाटतं खरं. पण फोनवर दिसणारा क्यूआर त्याच फोननं कसा स्कॅन करणार? मग स्क्रीनशॉट काढा, पैसे भरल्याचा पुरावा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि रात्री अकराला तुम्ही एकेकीला फाइल पाठवत बसा.

केवायसीचं, म्हणजे ओळखीच्या कागदपत्रांच्या तपासणीचं, मात्र आजच बघून घ्या. पॅनवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, यात कितीतरी जणींचं खातं अडकतं. दोन्हीकडे एकच नाव करून मगच अर्ज भरा. जीएसटीची नोंदणी सेवांच्या बाबतीत साधारणपणे वर्षाला 20 लाखांच्या वर लागते, त्याची चिंता तूर्तास नको. गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि ईमेल त्या साधनातून यादी करून बाहेर काढता येतात का, हे त्याच्या योजनेचे पैसे भरण्याआधी तपासा. उद्या दुकान दुसरीकडे हलवायचं झालं तर हीच यादी कामाला येते.

लिंक टाकलीत की नणंदेच्या नाहीतर मैत्रिणीच्या फोनवरून, इन्स्टाच्या आतूनच, एक खरी खरेदी करून बघा. इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमधून कधीकधी यूपीआयचं अ‍ॅप उघडतच नाही. तसं झालं तर पानाच्या माथ्यावर ठळक लिहा: ‘पैसे जात नसतील तर वरचे तीन ठिपके दाबून क्रोममध्ये उघडा.’