पणजीच्या हातातलं पुस्तक

प्रश्न : मामांकडच्या ट्रंकेत पणजीचा फोटो सापडला. साधारण १९२५ चा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पणजोबा कोट-पगडीत खुर्चीवर, ती शेजारी नऊवारीत उभी, हातात पुस्तक. चेहरा असा, की आत्ता रडेल. मी तिच्यावर गोष्ट लिहायला घेतली : लपूनछपून शिकणारी मुलगी वगैरे. मामा म्हणतात, "आजी अंगठा उठवायची. गेलेल्या माणसाबद्दल काहीही रचू नकोस." मी लिहू नये का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लिहा की! पण ते पुस्तक बहुधा स्टुडिओचं असणार. पुस्तक, फुलदाणी, तिपाई, मागे कमानी-खांबांचा रंगवलेला पडदा असा सरंजाम तिथं तयारच असायचा. मोकळ्या हातांचं काय करायचं हे कॅमेऱ्यासमोर कुणालाच सुचत नाही, म्हणून फोटोग्राफर त्यात काहीतरी द्यायचा. पणजोबांचा कोटसुद्धा तिथल्याच खुंटीवरचा असू शकतो. बाह्या मनगटाच्या किती खाली येतात बघा.

माझे वडील एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. काचेची निगेटिव्ह तिरक्या डेस्कवर, मागून उजेड, आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या सगळं भरून टाकायचे. त्यामुळे जुन्या फोटोतल्या चेहऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. मी हात-पाय बघते. त्यांच्यावर सहसा कुणी मेहनत घेत नसे. तिनं पुस्तक कसं धरलंय? पानांत बोट घातलंय, की नैवेद्याच्या ताटासारखं दोन्ही तळव्यांवर घेतलंय? पायांत काही आहे का, आणि असलं तर त्यात ती नीट उभी आहे का? अक्षरओळख नसलेल्या बाईला परक्या पुरुषानं, नवऱ्यादेखत, पुस्तक दिलं आणि "असं धरा" म्हणून सांगितलं. तिला लाज वाटली, हसू आलं, की संताप झाला? ही बाई मला वाचायला आवडेल. लपूनछपून शिकणारी मुलगी आपण सगळ्यांनी भरपूर वाचली आहे.

रडव्या चेहऱ्याचं फार मनावर घेऊ नका. काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला वेळ लागायचा म्हणून कुणी हसत नसे, हे कारण १९२५ ला लागू नाही. झटपट काम करणाऱ्या ड्राय प्लेट १८८० च्या दशकातच रुळल्या होत्या. पण फोटो आयुष्यात एखाद-दुसरा निघायचा आणि भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगला जायचा. त्यात दात कोण काढणार?

दुसरी खोड आपली, बघणाऱ्यांची. आनंदीबाई जोशींचा १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली, आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाईंच्या डोळ्यांत मृत्यूची चाहूल दिसते, असं मी भाषणात ऐकलंय. कसली चाहूल! त्या वीस वर्षांच्या होत्या, पदवी पुढच्या मार्चमध्ये मिळायची होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते आपण त्यांच्या डोळ्यांत नेऊन ठेवतो. तुमच्या पणजीनंही पुढे काय काय सोसलं असेल, ते त्या दिवशी तिच्या गावीही नव्हतं. घरी तान्हं कुणाकडे ठेवलंय, जाऊबाईंची उसनी नथ हरवली तर काय, परतायला टांगा मिळेल का, असलं काहीतरी तिच्या डोक्यात असेल.

आणि मामांशी वाद घालू नका, त्यांना बोलतं करा. अंगठा उठवणारी बाई वाण्याचा हिशेब कसा ठेवायची? कुणावर चिडायची? रागावली की जेवण सोडायची, की भांडी आपटायची? एवढं मिळालं तर निम्मी गोष्ट हाती आली. छापायला दिलीत तर मात्र नाव-गाव बदला. तुमची बाई तुम्ही रचा, मामांची आजी मामांकडे राहू दे.

पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा मागे स्टुडिओचं नाव आणि गाव असतं, ते उतरवून घ्या. गाव दुसरंच निघालं, तर ती दोघं तिथं कशाला गेली होती हेही मामांना विचारा. मागच्या बाजूला पेननं काही लिहू नका, शाई पाझरते. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका.